एका पायावर सहा फूट! दिव्यांगांच्या उंच उडीचा इतिहास, नियम आणि आपल्या पोरांसाठी कामाची माहिती

हिमाचल प्रदेशातल्या उना जिल्ह्यात बदाऊं नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरातला आठेक वर्षांचा पोरगा चारा कापायच्या मशीनपाशी गेला आणि त्याचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. हात गेला. आपल्याकडं याच मशीनला कडबा कुट्टी म्हणतात, आणि असा प्रकार ज्याच्या कानावर आला नाही असा माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही.

त्या पोराचं नाव निशाद कुमार. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे आपल्या राष्ट्रीय क्रीडा दिनालाच, टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यानं २.०६ मीटर उंच उडी मारून रौप्यपदक घेतलं. २.०६ मीटर म्हणजे सहा फूट नऊ इंच. आपल्या घराच्या दाराची चौकट साधारण तेवढीच असते. ती वरून ओलांडायची, तीही एका हातानं.

निशाद एकटा नाही. लंडन २०१२ पासून पॅरिस २०२४ पर्यंतच्या चार पॅरालिम्पिकमध्ये भारताला एकूण ५३ पदकं मिळाली, त्यातली ११ एकट्या उंच उडीची आहेत. २ सुवर्ण, ६ रौप्य आणि ३ कांस्य. आणि पदक आणणारी बहुतेक पोरं छोट्या गावांतली, साध्या घरांतली आहेत. तरी आपल्याकडं शाळेत दिव्यांग मुलाला पी.टी.च्या तासाला "तू बस बाबा सावलीत" असंच सांगितलं जातं. म्हणून या खेळाची सगळी हकीकत एकदा सविस्तर देत आहोत.

वेगळी स्पर्धा नव्हती तेव्हा

दिव्यांगांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८७३ साली जन्मलेल्या रे युरीला लहानपणी पोलिओ झाला. काही काळ तो चाकाच्या खुर्चीत होता. पायात जीव यावा म्हणून तो घरीच व्यायाम करू लागला, उड्या मारू लागला. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये जागेवरून मारायच्या उड्यांची स्पर्धा असायची. पळत यायचं नाही, उभं राहायचं आणि तिथूनच उडायचं. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १६ जुलैला युरीनं एका दिवसात तीन सुवर्णपदकं घेतली. जागेवरच्या उंच उडीत तो १.६५५ मीटर उडाला, म्हणजे पाच फूट पाच इंच. पळत न येता! पुढं १९०४ आणि १९०८ लाही उंच उडीचं सुवर्ण त्यानंच नेलं. १९१२ नंतर जागेवरच्या उड्या ऑलिम्पिकमधून गेल्या, आणि युरीचं नावही लोक विसरले.

दुसरा वॉल्ट डेव्हिस, टेक्सासचा. त्यालाही लहानपणी पोलिओ झाला होता आणि काही वर्षं चालता येत नव्हतं. हाच डेव्हिस १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये २.०४ मीटर उडून उंच उडीचा विजेता झाला. दुसऱ्याच वर्षी त्यानं २.१२ मीटरचा विश्वविक्रमही केला.

ही दोन्ही माणसं धडधाकट खेळाडूंशी खेळली आणि जिंकली. पण ज्याचा पाय मांडीपासून गेला आहे, त्यानं कुठं जायचं? त्याला १९७६ पर्यंत थांबावं लागलं.

व्हीलचेअरपासून सुरुवात

दुसऱ्या महायुद्धात मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी खेळ सुरू केले. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं, त्याच दिवशी गुटमन यांनी १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्यातूनच १९६० साली रोममध्ये पहिलं पॅरालिम्पिक झालं. २३ देश, ४०० खेळाडू, आणि सगळे व्हीलचेअरवरचे. साहजिकच उंच उडीचा प्रश्नच नव्हता.

१९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला हेच पॅरालिम्पिक झालं. तिथं आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मराठी माणसाचं आहे, हे पोरांना सांगायला हरकत नाही. ('चंदू चॅम्पियन' सिनेमा त्यांच्यावरच आहे.)

१९७६ च्या टोरंटो पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा हात-पाय गमावलेल्या आणि दृष्टी नसलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळाला. दिव्यांगांच्या उंच उडीची खरी कहाणी इथून सुरू होते.

शेतातल्या यंत्रानं पाय नेला, त्याच पोरानं इतिहास केला

कॅनडातला सस्कॅचेवान हा आपल्या मराठवाड्यासारखाच शेतीवर चालणारा प्रांत, फक्त ज्वारीऐवजी गहू. तिथला आर्नी बोल्ट तीन वर्षांचा असताना धान्य वर चढवायच्या यंत्रात त्याचा पाय सापडला आणि गुडघ्याच्या वरून गेला. बदाऊंच्या निशादची आणि याची गोष्ट किती सारखी आहे बघा. मध्ये हजारो किलोमीटर आणि जवळपास अर्धं शतक आहे, यंत्र मात्र शेतातलंच.

टोरंटोला बोल्ट १८ वर्षांचा होता. कृत्रिम पाय काढून ठेवून तो एकाच पायावर लंगडी घालत धावत आला आणि १.८६ मीटर ओलांडून गेला. सहा फूट एक इंच! लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. लांब उडीचं सुवर्णही त्यानंच घेतलं. चार वर्षांनी नेदरलँड्समध्ये आर्नहेमला त्यानं १.९६ मीटर मारली. पुढं १९९२ पर्यंत तो खेळत राहिला आणि सात सुवर्ण, एक रौप्य घेऊन निवृत्त झाला.

यात एक गंमत आहे. लंगडी हा आपला खेळ. अंगणात चौकोन आखून पोरं खेळतात ती. मांडीपासून पाय गेलेला उंच उडीपटू नेमकं तेच करतो, फक्त वेगात आणि लयीत. दोन पायांवर धावणाऱ्याला शेवटच्या पावलाला कोणत्या पायावर उडी मारायची ते जुळवावं लागतं. लंगडी घालणाऱ्याचं प्रत्येक पाऊल उडीचंच पाऊल असतं. म्हणून त्या पायाची ताकद अफाट होते. पण वेग कमी पडतो आणि दुखापत झाली तर दुसरा पाय मदतीला नाही, ही त्याची दुसरी बाजू.

उडायचं कसं?

उंच उडीचा एक नियम सगळ्यांना सारखा आहे: एकाच पायावरून उडायचं. बाकी दांडीवरून कसं जायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. जुनी पद्धत कात्रीची. आपल्या शाळांच्या ग्राउंडवर अजून तीच चालते. आधी एक पाय, मग दुसरा, आणि उतरायचं पायांवर. १९६८ ला मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डिक फॉसबरी नावाचा अमेरिकन पाठ दांडीकडं करून उलटा गेला आणि २.२४ मीटर मारून जिंकला. तेव्हापासून जगात तीच पद्धत चालते. दिव्यांगांमध्ये मात्र दोन्ही पद्धती टिकून आहेत. आपला गिरीशा कात्रीनंच उडायचा आणि त्यानंच भारताला या खेळातलं पहिलं पॅरालिम्पिक पदक आणलं.

हात नसला तर उडीला काय फरक पडतो, असं वाटेल. पडतो. उडताना दोन्ही हात वर झोकून दिले की शरीर वर खेचलं जातं. एकच हात असला की झोक तिरका जातो आणि हवेत शरीर फिरतं. तो तोल कंबरेनं आणि पोटानं सांभाळावा लागतो. निशादच्या उडीचा व्हिडिओ सावकाश करून बघा, म्हणजे लक्षात येईल.

टी-४२, टी-४७, टी-६४ म्हणजे काय?

बातमीत हे आकडे येतात आणि आपण पुढं सरकतो. पण सगळा खेळ याच आकड्यांवर उभा आहे. पूर्वी उड्यांसाठी 'एफ' अक्षर वापरायचे, आता धावणं आणि उड्या दोन्हीला 'टी' लावतात. फेकीला 'एफ' राहिलं. म्हणून लंडनला गिरीशाचा गट एफ-४२ होता आणि रिओला मरियप्पनचा टी-४२. गट तोच, अक्षर बदललं.

चाळीसच्या पुढचे आकडे हात-पायांचे. टी-४२ म्हणजे एका पायाला मांडी किंवा गुडघ्याच्या पातळीवर मोठी अडचण, टी-४४ म्हणजे गुडघ्याखाली. टी-४६ आणि टी-४७ हे एका हाताचे. २०१८ पासून कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांना साठीतले आकडे दिले: गुडघ्याच्या वर पाय गेलेला टी-६३, खाली गेलेला टी-६४. पण स्पर्धेत टी-४२ आणि टी-६३ एकत्र उडतात, तसेच टी-४४ आणि टी-६४ एकत्र. त्यामुळं जन्मतः एक पाय आखूड असलेला आपला प्रवीण कुमार आणि कार्बनचं ब्लेड लावलेला अमेरिकन एकाच दांडीवरून उडतात. यात कुणाला फायदा, कुणाला तोटा यावर वाद होतच असतात.

उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. धडधाकट पुरुषांचा विश्वविक्रम क्युबाच्या हावियर सोतोमायोरचा, २.४५ मीटर, १९९३ चा. रिओ २०१६ ला पोलंडच्या मॅचेय लेपियातोनं टी-४४ गटात २.१९ मारली. टोकियोत अमेरिकेच्या रॉडरिक टाऊनसेंडनं टी-४७ मध्ये २.१५. म्हणजे फरक आहे, पण हातभराचाच.

तिघांची उडी सारखी, मग सुवर्ण कुणाला?

लंडन २०१२. कर्नाटकातल्या हसन जिल्ह्याचा गिरीशा एन. गौडा, डाव्या पायात दोष. फिजीचा इलिएसा डेलाना, एका पायाचा. पोलंडचा लुकाश मामचार्झ. तिघंही १.७४ मीटर उडाले. तिघंही त्याच उंचीवर थांबले. सुवर्ण डेलानाला, रौप्य गिरीशाला, कांस्य मामचार्झला.

असं का? एका उंचीला तीन प्रयत्न मिळतात, लागोपाठ तीन चुकले की बाहेर. शेवटी उंची सारखी असेल तर त्या उंचीला कुणाचे प्रयत्न कमी चुकले ते बघतात. तेही सारखं असेल तर एकूण चुका मोजतात. म्हणून सुरुवातीच्या सोप्या उंचीवर दांडी पाडली तर ती शेवटी अंगाशी येते. आपल्या तालुका स्पर्धेतही हाच नियम आहे, पण किती पोरांना तो आधी सांगितलेला असतो?

डेलानाचं ते सुवर्ण म्हणजे फिजीचं पॅरालिम्पिकमधलं पहिलंच पदक. पुढं तो तिथं खासदार झाला, क्रीडा खात्याचा सहाय्यक मंत्रीही झाला. आणि गिरीशाचं रौप्य हे लंडनमधलं भारताचं एकमेव पदक होतं. २०१३ ला त्याला पद्मश्री मिळाली.

मरियप्पन आणि त्याच्या मागची रांग

तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातल्या पेरियवडगमपट्टी गावचा मरियप्पन थंगवेलू पाच वर्षांचा असताना शाळेत चालला होता. बसनं उडवलं, उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. आई विटा वाहायची, भाजी विकायची. दवाखान्यासाठी कर्ज काढलं. हे सगळं आपल्याला ओळखीचंच आहे. शाळेत मात्र त्याला कुणी सावलीत बसवलं नाही, तो बाकीच्या पोरांबरोबर उडत राहिला. २०१६ ला रिओमध्ये त्यानं १.८९ मीटर मारून सुवर्ण घेतलं. त्याच स्पर्धेत अमेरिकेचा सॅम ग्रेवी आणि ग्रेटर नोएडाचा वरुण सिंग भाटी दोघंही १.८६ ला थांबले. चुका मोजल्यावर वरुणला कांस्य मिळालं.

टोकियोत त्याच दांडीवर पाऊस आला. मरियप्पन अधू पायात मोजा घालून उडतो. मोजा भिजला, जड झाला आणि १.८६ वर रौप्य मिळालं, ग्रेवी १.८८ वर जिंकला. बिहारमधल्या मुजफ्फरपूरच्या शरद कुमारचा गुडघा आदल्या रात्री दुखावला होता. तो उतरणार की नाही हेच ठरत नव्हतं. उतरला आणि १.८३ वर कांस्य घेतलं. तीन वर्षांनी पॅरिसला या दोघांनी जागा बदलल्या: शरद १.८८ सह रौप्य, मरियप्पन १.८५ सह कांस्य. सुवर्ण अमेरिकेच्या एझ्रा फ्रेचला, १.९४ मीटर. लागोपाठ तीन पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळवणारा मरियप्पन हा पहिला भारतीय.

उत्तर प्रदेशातल्या जेवरजवळच्या गोविंदगढचा प्रवीण कुमार टोकियोत २.०७ वर रौप्य, पॅरिसमध्ये २.०८ वर थेट सुवर्ण. निशादला पॅरिसलाही रौप्यच मिळालं, २.०४. पुढं टाऊनसेंड होताच. पण २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा पहिल्यांदा भारतात, दिल्लीला झाली. तिथं निशाद २.१४ मीटर उडाला आणि टाऊनसेंडला मागं टाकून विश्वविजेता झाला. बिहारच्या शैलेश कुमारनंही १.९१ सह टी-६३ चं सुवर्ण घेतलं.

महाराष्ट्राचं नाव या यादीत नाही, हे खटकतं. फेकीत आणि धावण्यात आपले आहेत. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिसला गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातला दिलीप गावित लहानपणी झाडावरून पडून हात गमावूनही ४०० मीटरमध्ये आशियाई पॅरा स्पर्धेचा विजेता झाला. उंच उडीत मात्र पॅरालिम्पिकचं पदक अजून आपल्याकडं आलेलं नाही.

आणि मुलींचं काय? रिओ, टोकियो, पॅरिस या तिन्ही पॅरालिम्पिकमध्ये उंच उडीच्या तीन-तीन स्पर्धा झाल्या, तिन्ही पुरुषांच्याच. महिलांची एकही नाही. उडी आवडणारी दिव्यांग मुलगी असेल तर तिला सध्या लांब उडीकडं वळवणं व्यवहाराचं ठरतं. हे बरोबर आहे असं आम्ही म्हणत नाही, पण आई-बापांनी आधीच माहीत करून घेतलेलं बरं.

घरात असा मुलगा-मुलगी असेल तर

पहिलं, यूडीआयडी कार्ड काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पण एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो: ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे म्हणजे खेळात गट मिळणारच. तसं नाही. खेळाचं वर्गीकरण वेगळं असतं. त्यासाठी नेमलेले तज्ज्ञ हात-पायाची लांबी, ताकद, सांध्याची हालचाल मोजतात आणि मग गट देतात किंवा नाकारतात. एकदा दिलेला गट पुढं बदलूही शकतो. टोकियोत थाळीफेकीत विनोद कुमारचं कांस्यपदक याच कारणानं गेलं, वर्गीकरणात तो त्या गटात बसत नाही असं ठरलं. म्हणून वर्षानुवर्षं मेहनत करण्याआधी, राज्य किंवा राष्ट्रीय पॅरा स्पर्धेच्या वेळी वर्गीकरण करून घ्या. तिथं दुखणं वाढवून दाखवायचा शहाणपणा अजिबात करू नका, त्यावर बंदीची शिक्षा आहे. कुठल्या स्पर्धा कधी आहेत हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. २०२३ पासून खेलो इंडिया पॅरा गेम्सही सुरू झाले आहेत.

दुसरं, गादीचं. वाळूच्या खड्ड्यात फक्त कात्रीची उडी मारू द्या, म्हणजे पोरगं पायांवर उतरेल. मोबाईलवर बघून उलटी फॉसबरी उडी वाळूत मारली तर मान आणि पाठीवर पडणार, आणि एक दिव्यांगत्व होतं तिथं दोन होतील. गादी नाही म्हणून अडून बसायचीही गरज नाही. देवरगावचा सर्वेश कुशारे (तो दिव्यांग नाही) शाळेत असताना मक्याचं भुसकट भरलेल्या गादीवर उडायला शिकला. त्याच सर्वेशनं २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर मारून सहावा नंबर काढला. गादी जाड आणि रुंद हवी, कडेला दगड-खांब नको, आणि पहिले काही महिने शिक्षक जवळ उभा हवा.

तिसरं, ज्याला गुडघ्याच्या वर पाय नाही त्याला लंगडीपासूनच सुरुवात करू द्या, पण मऊ मातीवर आणि थोडी-थोडी. डांबरी रस्त्यावर रोज लंगडी घातली तर असलेला गुडघाही जाईल.

आणि कडबा कुट्टी चालू असताना पोरांना जवळ येऊ देऊ नका. गाळ्याला जाळी-झाकण बसवून घ्या, पट्टा उघडा ठेवू नका.

पुढची मोठी स्पर्धा म्हणजे ऑक्टोबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोया इथं होणारे आशियाई पॅरा गेम्स. त्यानंतर १५ ते २७ ऑगस्ट २०२८ दरम्यान लॉस एंजेलिस पॅरालिम्पिक.